भूकंपात कपाट धरायचं

जमीन हलली की लोक घराबाहेर पळतात. आमच्या घरात नियम उलटा होता. जमीन हलली की ज्याने त्याने आपापलं कपाट धरायचं. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, हॉलमधलं मोठं सागवानी काचेचं कपाट. मी आतल्या खोलीतलं चिनीमातीच्या भांड्यांचं. लेकीने दाराजवळच्या कोपऱ्यातली छोटी मांडणी. हा नियम ह्यांनी केला, आणि ह्या नियमापायी माझ्या लेकीचा उजवा डोळा गेला. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी उगाच आशा लावून बसायला नको. डोळा वाचला नाही. मला सांगायचंय ते पुढचं, बापाने पोरीला खरं सांगितलं की नाही त्याचं.

आम्ही मूळचे कराडकडचे. लग्न होऊन मी बोईसरला आले तेव्हा हे एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. घरी येऊन अंघोळ केली की मोरीत पाणी कधी पिवळं, कधी जांभळं. नखांतला रंग तर सणासुदीलाही निघायचा नाही. असल्या माणसाला कसली हौस असावी? पत्ते, दारू, फार तर क्रिकेट. ह्यांना लागली जुन्या भांड्याकुंड्यांची.

सुरुवात भंगारवाल्याकडून झाली. नवापूर रस्त्याला भंगाराची दुकानं आहेत, कारखान्यांचे पिंप, पत्रे, पाइप असलं सगळं तिथे येतं. तिथे ह्यांना एक झाकणाचं मोठं भांडं सापडलं, पांढरं, त्यावर निळी फुलं. कुठल्याशा पारशी बंगल्यातून सामान उचललं होतं त्यातलं. पिशवीत घालून घरी घेऊन आले तेव्हा चेहऱ्यावर असा आनंद की जणू ह्यांना बढती मिळाली.

मी म्हटलं, "अहो, झाकणाचा कान तुटलाय."

"कानाकडे कशाला बघतेस? ती फुलं बघ."

"मग आमटी काय फुलात वाढू?"

हसले नुसते. त्या भांड्यात आमटी कधीच पडली नाही. ते टीव्हीच्या शेजारी जाऊन बसलं आणि आमच्या संसारात पाहुणे यायला लागले. दर रविवारी मोटरसायकल काढायची आणि तारापूर, चिंचणी, वाणगाव, डहाणू असं फिरायचं. चिकूच्या वाड्यांमधले जुने बंगले, म्हातारे गेलेले, मुलं परदेशात, राखणदाराला सांगून ठेवलेलं की काय विकायचं ते वीक. हे तिथून विलायती बशा आणायचे, हंड्या आणायचे, एकदा तर शिसवी आरामखुर्ची मोटरसायकलच्या मागे बांधून आणली. तिची वेताची बैठक फाटलेली होती, तिच्यावर बसायची आम्हाला बंदी. डोंबलाची आरामखुर्ची! मी तिच्यावर एकदा सुकलेले कपडे ठेवले तर दिवसभर अबोला.

लग्नाकार्यात जेवायला बसले की हे आधी बशी उलटी करून खालचा शिक्का बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लेक मात्र खुदुखुदु हसायची. तिला बापाचं हे वेड लहानपणापासून ठाऊक, आणि मोठी झाल्यावर तिने त्यात स्वतःचंही घातलं. ह्यांना फक्त जुनं आवडायचं. लेकीने मुंबईला एका प्रदर्शनातून हल्लीच्या कुणा कुंभारकाम करणाऱ्या बाईंची फुलदाणी आणली, वाकडी, राखी रंगाची, काठावर ओघळ तसाच ठेवलेला. हे म्हणाले, "भट्टीत बिघडलीय ही." ती म्हणाली, "पप्पा, ती तशीच करायची होती त्यांना." मग दोघं बापलेक जमिनीवर बसून तासभर वाद घालत राहिले. त्या दिवसापासून नवंही घरात यायला लागलं. दाराजवळची छोटी मांडणी तिची, नव्या वस्तूंची. मोठं कपाट ह्यांचं.

त्या मोठ्या कपाटात मधल्या फळीवर एक निळी सुरई होती. काचेची, गळा लांब, पोट गोल, नीळ घातलेल्या पाण्यासारखी निळी. डहाणूकडच्या एका वाडीतून आणलेली. खोटं कशाला बोलू, ती मलाही आवडायची. दुपारी उन्हाची तिरीप आली की तिची निळी सावली फरशीवर पडायची, आणि मी पीठ मळता मळता उगाच बाहेर येऊन बघून जायचे. मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी एकदा खास तिच्यासाठी आला होता. हे म्हणाले, "बाकी काही मागा, ही नाही." तो दारातून परत गेला तरी मागे वळून बघत होता.

आता कपाटाचं सांगते. कपाट जुनं, चांगल्या सागाचं, पण त्याची कडी कधीच तुटून पडलेली. दोन्ही दारं नुसती मिटलेली असायची, जोरात चाललं तरी कुरकुरत उघडायची. मी किती वेळा म्हटलं, सुतार बोलावून एक कडी बसवा. एक साधी कडी! तर म्हणायचे, "जुन्या लाकडाला भोक पाडायचं नसतं. मग ती वस्तू अस्सल राहत नाही." भिंतीला खिळे मारून बांधून ठेवा म्हटलं, तर तेच. कारखान्यात आयुष्यभर नटबोल्ट आवळणारा माणूस, पण घरच्या कपाटाला स्क्रू लावायचा म्हटलं की ह्यांच्या अंगावर काटा.

मग ते धक्के सुरू झाले. डहाणू, तलासरीकडे जमीन अधूनमधून हलायला लागली. तिकडे लोकांनी घराबाहेर झोपायला सुरुवात केली. बोईसरला तेवढं जाणवायचं नाही, पण एखादा मोठा असला की पंखा झुलायचा, भांडी किणकिणायची. एकदा सकाळी असाच धक्का बसला, मोठ्या कपाटाची दारं आपोआप उघडली आणि एक बशी घरंगळत येऊन फरशीवर फुटली. गुलाबी काठाची होती. ह्यांनी तुकडे गोळा केले आणि चक्क रडले. मला राग आला आणि दयाही आली. काय बोलायचं अशा माणसाला?

त्याच दिवशी नियम झाला. कारखान्यातून रबराचे तुकडे आणून कपाटांच्या पायांखाली घातले. सातपाटीहून नायलॉनची दोरी आणून फळ्यांच्या कडेने ताणली. आणि आम्हाला उभं करून शिकवलं, दोन्ही तळवे दोन्ही दारांवर, अंग पुढे रेलायचं, दारं उघडू द्यायची नाहीत. लेकीने सलाम ठोकला. "येस सर!" आम्ही हसलो. खरंच हसलो. पुढे पुढे तर त्यात गंमत वाटायला लागली, धक्का बसला की तिघांची पळापळ, आणि थांबला की हे प्रत्येक खोलीत जाऊन विचारणार, "काही फुटलं?"

आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन येणारी नवापूरची मावशी होती. बोंबील घेता घेता एकदा मी तिला हे सांगितलं, हसत हसतच. ती टोपलीवरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"जमीन हालली का आमी पोरां धरतो नि भायेर पलतो," ती म्हणाली. "तुमी कपाटां धरता? कठीन हाय बाय तुमचा."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तिच्या घरी काय आहे फुटण्यासारखं? मला ते लागलं, मी म्हटलं, असं बोलू नये. तेवढ्यावर विषय संपला.

लेकीचं म्हणाल तर पोरगी हुशार. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता आणि रेल्वेत इंजिन चालवायचं एवढंच डोक्यात. असिस्टंट लोको पायलट. आमच्या घरात कुणी मोटरसायकलीपुढे गेलं नाही, आणि ही म्हणते इंजिन चालवणार! लेखी परीक्षा पास झाली. आता राहिली होती मेडिकल, आणि त्यात डोळ्यांची तपासणी फार कडक. चष्मा लागला तरी बाद. म्हणून तिने मोबाईल बघणं कमी केलं, सकाळी उठून बाल्कनीतून लांबच्या पाट्या वाचायची, मी रोज गाजर किसून द्यायचे. हे चिडवायचे, "इंजिन चालवणारेस की ससा होणारेस?" ती गाजराचा तुकडा ह्यांच्या तोंडात कोंबायची. मेडिकलची तारीख कधीही आली असती.

आणि तो रविवार उजाडला. हे दुपारी तारापूरला गेले होते, तिथल्या एका जुन्या घरात जेवणाच्या टेबलावरचा संच निघालाय असा निरोप होता. संध्याकाळ होत आली होती. मी देवापाशी दिवा लावत होते, लेक हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसली होती.

जमीन हलली. पायाला कळलं, गुरगुरल्यासारखं. मी वात तशीच टाकून आतल्या खोलीत पळाले आणि माझं कपाट धरलं. इतकी सवय झाली होती, डोक्याला विचारावंच लागायचं नाही. हॉलमधून लेकीचा आवाज आला, "आई, पप्पांचं मी धरते!" पप्पा घरी नव्हते ना. म्हणून ती स्वतःची कोपऱ्यातली मांडणी सोडून मोठ्या कपाटाकडे गेली. मांडणी भिंतीच्या आडोशाला होती. मोठं कपाट खिडकीच्या बरोबर समोर.

भूकंप नव्हता तो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला होता. स्फोटाचा हादरा आधी जमिनीतून येतो, आवाज नि हवेचा मार मागून येतो, हे मला पुढे कळलं. मधे देवाचं नाव घ्यावं एवढा वेळ असतो. तेवढ्या वेळात आम्ही दोघी जागच्या जागी तळवे लावून उभ्या होतो, नियमाप्रमाणे. मग कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि सगळ्या खिडक्या आत आल्या.

मला काही लागलं नाही. माझ्या खोलीची खिडकी छोटी, आणि पडदा जाड. माझ्या कपाटातलं एक कपसुद्धा पडलं नाही. हे मला आजही सहन होत नाही, की माझ्या समोरच्या त्या बशा जिथल्या तिथे होत्या. मी हॉलमध्ये आले तेव्हा लेक अजून कपाटाला धरून उभी होती. पाठीला खिडकीच्या काचा लागल्या होत्या, कपड्यांमधून रक्त येत होतं. कपाट पुढे झुकून परत मागे टेकलं होतं, दाराची काच फुटली होती आणि तिच्या पायाशी निळे तुकडे पडले होते. तिने तोंड माझ्याकडे केलं. मी किंचाळले. ती म्हणाली, "आई, कपाट पडलं नाही." तेवढं बोलून खाली बसली.

बिल्डिंगमधल्या लोकांनी तिला रिक्षात घातलं. रस्त्यावर धूर, नाक झोंबणारा वास, माणसं तोंडाला फडकी बांधून पळतायत. बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्याला हात न लावता त्यावर कागदी कप उलटा ठेवून पट्टी बांधली आणि म्हणाले, ताबडतोब मुंबईला न्या. ॲम्ब्युलन्स निघायच्या आत हे आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट होतं. ते त्यांनी तिथल्याच बाकावर ठेवलं आणि आमच्याबरोबर चढले. लेकीचे पाय मांडीवर घेऊन मुंबईपर्यंत रडत होते. हे मी सांगते कारण मला कुणी असं समजायला नको आहे की ह्यांचा तिच्यावर जीव नव्हता. जीव होता. म्हणूनच तर मला इतका संताप येतो.

मोठ्या दवाखान्यात रात्रभर ऑपरेशन चाललं. सकाळी डॉक्टरबाईंनी आम्हाला दोघांना बाहेर बोलावलं. डोळ्याच्या आतून निघालेली काच त्यांनी एका छोट्या वाटीत ठेवली होती. तांदळाच्या कणीएवढी. निळी.

"ही खिडकीची वाटत नाही," त्या म्हणाल्या. "घरात निळ्या काचेचं काही होतं का?"

हे म्हणाले, "नाही."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. डॉक्टरबाई पुढे बोलत होत्या, डोळ्यात आता दृष्टी येणार नाही, आणि तो तसाच ठेवला तर चांगल्या डोळ्यालाही धोका आहे, म्हणून काढावा लागेल. मला अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नाही. काढावा लागेल म्हणे. एखादी दाढ काढावी तसं.

लेक शुद्धीवर आली तेव्हा पहिलं विचारलं, "मेडिकलचं काय?" मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग दुसरं विचारलं, "कुठली काच गेली डोळ्यात?"

"खिडकीची, बाळा," हे म्हणाले. "कारखान्याचा स्फोट झाला. सगळ्यांच्याच खिडक्या फुटल्या."

मी ह्यांना हाताला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, "खोटं का बोललात?"

"ती खचेल. आत्ता नको. जरा बरी होऊ दे."

"तुम्हाला तिची काळजी आहे की स्वतःची?"

"अगं, काच कुठलीही असो, स्फोट मी केला का?"

आता ह्याला काय म्हणायचं! स्फोट ह्यांनी केला नव्हता, कबूल. ज्यांनी केला त्यांना शिव्या द्यायला मी कमी केलं नाही, अख्खी बिल्डिंग देत होती. पण खिडकीसमोर, काचेच्या दाराकडे तोंड करून पोरीला उभं कुणी केलं? एक कडी लावली असती तर तिथे उभं राहायचं कारणच नव्हतं. हे सगळं मी बोलले. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी मी म्हटलं, हे तुम्ही तिला सांगायचं. मी सांगणार नाही. ते तुमच्या तोंडून आलं पाहिजे. मानेने हो म्हणाले.

घरी आलो. पट्टी निघाली, जखम भरली, काही महिन्यांनी नकली डोळा बसवला. मला वाटलं होतं तोही काचेचा असेल, पण डॉक्टर म्हणाले, हल्ली प्लास्टिकचे असतात. चांगला जमलाय, चटकन कळत नाही. पण एका डोळ्याने माणसाला अंतर कळत नाही, हे मला तेव्हा समजलं. लेक चहा ओतायची तो कपाच्या बाहेर. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. मांडणीवरून तिची ती वाकडी फुलदाणी उचलायला गेली तर हात अलीकडेच मिटला, दोनदा मिटला, मग तिने नाद सोडला. रेल्वेचं बोलावणं आलं. तिने वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाली, "आई, आता गाजरं नको आणूस हं." मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

हे सांगत होते का तिला? छे. आज तिचा ताप उतरू दे. आज तिची मैत्रीण आली आहे. आज अमावस्या आहे. माझ्यासमोर तर येणाऱ्या जाणाऱ्याला खुशाल सांगायचे, खिडकीच्या काचेने डोळा गेला हो. सांगून सांगून ह्यांना ते खरं वाटायला लागलं होतं की काय कोण जाणे. लेक शेजारी बसून ऐकायची. मी ह्यांच्याकडे डोळे वटारून बघायचे. आमच्यात बोलणं जवळजवळ बंद झालं. जेवायला या, मीठ द्या, एवढंच. आणि मोठ्या कपाटाच्या दारांना तेवढ्यात नव्या काचाही बसल्या. कडी मात्र अजूनही नाही!

शेवटी मीच म्हटलं, हे सगळं घरातून गेलं पाहिजे. जिला कपात चहा ओतता येत नाही तिच्या वाटेत मला काचा नकोत. ह्यांनी वाद घातला नाही. त्याच मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला. मी विचारलं, "तो येण्याआधी तिला सांगाल ना?" म्हणाले, "सांगतो. देवाशपथ सांगतो." तो यायचा त्या दिवशी सकाळी मी पुन्हा विचारलं. म्हणाले, "सगळं गेलं की संध्याकाळी निवांत सांगतो."

दुपारी व्यापारी टेम्पो घेऊन आला, बरोबर दोन हमाल, गवत, रद्दीचे गठ्ठे. लेक त्या आरामखुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसली आणि एकेका वस्तूचं सांगायला लागली, ही चिंचणीची, ही डहाणूची, हिचा पाय पप्पांनी जोडलाय. आवाज अगदी साधा. तो व्यापारी कौतुकाने ऐकत होता. हे कोपऱ्यात उभे होते. एक एक वस्तू कागदात गुंडाळून जात होती आणि ह्यांची नजर तिच्यामागे टेम्पोपर्यंत जात होती. मला वाटलं, जाऊ दे, मोकळं होतंय घर, आता संध्याकाळी बोलतील. मला त्या दिवशी खरंच तसं वाटलं.

मोठं कपाट रिकामं करताना व्यापारी मधल्या फळीपाशी थांबला.

"आणि ती निळी सुरई? ती लपवून ठेवलीत की काय?"

"फुटली," हे म्हणाले.

"अरेरे! कशी काय?"

"स्फोटात."

तो हळहळला. अगदी मनापासून, च्‌ च्‌ करत. "तेव्हा मला दिली असतीत साहेब, तर आज वाचली असती हो."

"हो ना," लेक म्हणाली. "माझा डोळापण वाचला असता."

व्यापाऱ्याच्या हातातला कागद तसाच राहिला. त्याला तोवर कळलंच नव्हतं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईघाईने नजर खाली वळवली. हे एक पाऊल पुढे आले.

"बाळा, ती खिडकीची..."

"पप्पा." ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "मीच होते ना समोर. येताना दिसली मला ती."

मी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होते.

"मी वाट बघत होते," लेक म्हणाली. "दवाखान्यात वाटलं, सांगाल. घरी आल्यावर वाटलं, आता सांगाल. तुम्ही लोकांना खिडकीचं सांगायचात ना, तेव्हा मी तिथे मुद्दाम बसायचे. म्हटलं, मला बघून तरी तुम्हाला खोटं नाही बोलवणार. मला दुसरं काही नको होतं हो पप्पा."

एवढं बोलून ती थांबली आणि ह्यांच्याकडे बघत राहिली, मान थोडी वळवून, चांगला डोळा ह्यांच्यावर येईल अशी. मीही बघत राहिले. मनात म्हणत होते, बोला. पुरं वाक्य नको, अर्धा शब्द बोला. नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवा. मी सगळं पोटात घातलं असतं, त्या क्षणी घातलं असतं. ह्यांचे ओठ हलले. डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं.

तेवढ्यात हमालांनी रिकाम्या कपाटाला दोन्ही बाजूंनी हात घातला. जुनी दारं कुरकुरून उघडायला लागली. त्यातला एक म्हणाला, "साब, ये उठा लें?"

हे वळले. लगेच वळले. दोन्ही हात पुढे करून कपाटाकडे धावले, तळवे दारांवर टेकवले.

"संभालके भाई, संभालके," म्हणाले. "शीशा है."

लेक स्टुलावरून उठली आणि आत निघून गेली.